चव गेली तेव्हा पोत उरला

आमच्या संस्थेत त्यांना सगळे उकडे म्हणत. नव्याने लागलेल्या माणसाला ते आडनावच वाटायचं. एकदा तर ओळखपत्रं छापणाऱ्याने तसंच छापून आणलं, आणि दुरुस्तीच्या भानगडीत न पडता त्यांनी ते कार्ड खुशाल गळ्यात अडकवलं. "चुकलंय कुठे?" ते म्हणाले. "दुसरं काय करतो मी?"

खरोखरच ते दुसरं काही करत नव्हते. सगळी नोकरी त्यांनी बटाटे उकडण्यात घालवली.

संस्था शेतीसंशोधनाची, सरकारी, साऱ्या देशासाठी असलेली. त्यामुळे पसारा मोठा. मागे नजर पोचेल तिथवर वाफे, एका अंगाला काचघरं, दुसऱ्या अंगाला प्रयोगशाळा. बटाट्याचं एक नवं वाण तयार व्हायला वर्षंच्या वर्षं जात. कोणी ते रोगाला किती टिकतं हे बघे, कोणी पाणी तोडून बघे, आम्ही मातीवाले आमची माती चाळत बसलेलो. आणि या सगळ्यांच्या हाताखालून सुटलेला बटाटा शेवटी व्हरांड्याच्या टोकाच्या एका खोलीत येई. तिला आम्ही चवखोली म्हणायचो. पीक कितीही येऊ दे, रोग कितीही लांब राहू दे, तो बटाटा अखेर कोणाच्या तरी तोंडात जाणार असतो. ते तोंड काय म्हणतं, हे विचारायची ती जागा.

खोलीत मतदानाच्या आडोशासारखे छोटे कप्पे होते. प्रत्येक कप्प्यात एक खुर्ची, पाण्याचा पेला, आणि समोरच्या भिंतीत वर सरकणारी लाकडी झडप. दिवे लाल, म्हणजे बटाटा पिवळा की पांढरा हे दिसून मत बदलायला नको. झडपेपलीकडे उकड्यांचं स्वयंपाकघर. मीठ नाही, तेल नाही, नुसता वाफवलेला बटाटा, बशीवर एक आकडा. चाखायला बसत ती गावातलीच माणसं: निवृत्त शाळामास्तर, पोस्टमन, दोनचार गृहिणी, आणि खोटं कशाला बोलू, ऑफिसच्या वेळात बसून खायला मिळतं म्हणून मातीविभागातला मी. उकड्यांना आम्ही बशी ओढून घेणारा हात एवढेच दिसायचो आणि ते आम्हाला बशी ढकलणारा हात एवढेच. बोलायचं नाही हा नियम. पण चहाच्या सुट्टीत आम्ही दोघं मागच्या पायरीवर बसायचो, तेव्हा सगळी कसर भरून निघे. पुढचं सगळं मला त्या पायरीवर कळलेलं आहे. काही काकूंनी नंतर सांगितलं.

काकू म्हणजे त्यांची बायको. शिवणकाम करायच्या. घरातल्या पुढच्या खोलीत खिडकीशी मशिन, भिंतीला कापडाचे तुकडे, दारात गिऱ्हाईक. जुना कोट उलटा करून नव्यासारखा करून द्यावा तर काकूंनीच. कापड हातात घेतलं की बोटांच्या चिमटीत चोळून, डोळे मिटून सांगायच्या, "हे धुतल्यावर आटेल, आधी भिजवून आणा." मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. घरात दोघंच. स्वयंपाक बहुतेक उकडेच करत, कारण दिवसभर बिनमिठाचं शिजवून आलेल्या माणसाला संध्याकाळी घरी फोडणी टाकायची हौस असते.

एका थंडीत काकूंना ताप आला. साधाच, सर्दीचा. चार दिवस अंगावर काढला आणि पुन्हा मशिनवर बसल्या. सगळं पहिल्यासारखं झालं असं उकड्यांना वाटलं.

मग एका संध्याकाळी ते घरी आले तर दारातच जळका वास. आत स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन, आटून, भांड्याचं बूड काळं पडलेलं. धूर पुढच्या खोलीपर्यंत आलेला. आणि काकू खिडकीशी पाठमोऱ्या बसून शांतपणे बाही जोडत होत्या.

"अगं, दूध."

काकूंनी मान वळवली. धूर त्यांना तेव्हा दिसला. त्या उठल्या नाहीत. बाही मांडीवर तशीच धरून रडायला लागल्या.

"मला काही कळत नाही हो," त्या म्हणाल्या. "ताप गेल्यापासून. ना वास ना चव. येईल, येईल म्हणून बोलले नाही."

डॉक्टरांनी बघितलं. नाकातल्या नसा तापाने दुखावल्या आहेत, म्हणाले. बहुतेक बऱ्या होतील. कोणाच्या लवकर होतात, कोणाच्या उशिरा, कोणाच्या होतच नाहीत. औषध म्हणाल तर धीर. मुलीने फोनवर डॉक्टर बदला म्हणून धोशा लावला. डॉक्टर बदलला. त्यानेही तेच सांगितलं, फक्त जास्त वेळ घेऊन.

जेवण म्हणजे कोमट कागद, असं काकू म्हणायच्या. पहिल्यांदा हसून म्हणाल्या, नंतर हसल्या नाहीत. चार घास खाऊन ताट सारायच्या. एक दिवस उकड्यांना दिसलं की मशिनवर गिऱ्हाइकाचं काम नाही, काकू स्वतःचेच कपडे उसवून शिवण आत घेतायत. एक झाला, दुसरा घेतला. त्यांनी काही विचारलं नाही, पण त्या रात्री त्यांनाही जेवण गेलं नाही.

मग त्यांनी कंबर कसली. बायकोला चव लागत नाही ना, मग चव वाढवू. लिंबू दुप्पट, मिरी तिप्पट, लसूण मूठभर. समोर बसायचे आणि घास तोंडात गेला की काकूंच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायचे. काकू म्हणायच्या, "छान झालंय." हे असं बरेच दिवस चाललं. एकदा घाईत लसूण घालायचाच राहून गेला, आणि पहिल्याच घासाला काकू म्हणाल्या, "आज लसूण छान लागतोय."

उकडे हळूच म्हणाले, "लसूण घातलाच नाही गं मी."

काकूंनी चमचा खाली ठेवला. "मग काय बोलू मी? तुम्ही दमून येता, एवढं राबता, आणि समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहता. निकाल लागायचा असल्यासारखे. मला आता जेवायची धास्ती वाटते. आणि ती चवीमुळे नाही, तुमच्यामुळे."

हे सांगताना पायरीवर त्यांचा चहा गार होऊन गेला होता. "खरं तेच बोलली," एवढंच म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांच्या हातून घोटाळा झाला. डोंगराळ भागासाठी तयार होत असलेल्या एका वाणाची छोटीशी पिशवी प्रयोगाच्या वाफ्यातून आली होती. तेवढेच बटाटे, त्या हंगामात दुसरे मिळणार नव्हते. उकडे ते वाफेवर ठेवून खिडकीबाहेर बघत राहिले. भानावर आले तेव्हा जाळीवर नुसता लगदा होता. नोकरीभरात असं कधी झालं नव्हतं. त्यांनी गॅस बंद केला, हात पुसले आणि मॅडमच्या खोलीत जाऊन उभे राहिले.

मॅडम म्हणजे चवखोलीच्या प्रमुख. उंच, किडकिडीत बाई. बोलणं तोडून, पण मनात काही ठेवायचं नाही. लगद्याचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. मग उकड्यांकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "बसा. बटाट्याचं पुढच्या हंगामात बघू. घरी काय झालंय?"

उकड्यांनी सगळं सांगितलं. लसणासकट.

मॅडम म्हणाल्या, "त्यांची जीभ शाबूत आहे हो. खारट, आंबट, गोड, कडू तिला अजून कळतं. बाकी आपण ज्याला चव चव म्हणतो ते सगळं नाकाचं काम. ते रजेवर गेलंय, आणि तुम्ही त्याच्याच टेबलावर फायलींचा ढीग वाढवताय. बाकीचे कामगार रिकामे बसलेत, त्यांना काम द्या."

"बाकीचे कोण?"

"दात आहेत. टाळू आहे. गार-गरम कळतं. कान आहेत."

"कान?"

"भाजलेला पाव चावल्यावर कुरकुर कोण ऐकतं? चवीचा नाद सोडा, उकडे. पोताच्या मागे लागा. आणि एक. जेवताना समोर बसून बघत राहू नका. आपण इथे मध्ये भिंत का घातलीय, हे तुम्हाला मी सांगायचं?"

त्या संध्याकाळी उकड्यांनी बटाट्याची सालं पातळ काढली आणि तव्यावर भाजून पार कडकडीत केली. आतला बटाटा लोण्याच्या हाताने मऊसूत कुस्करला. त्यात ती सालं चुरून घातली, बाजूला गार काकडीचे जाड काप ठेवले. ताट काकूंसमोर ठेवलं आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन, पाठ करून, भांडी घासत बसले. सगळी घासून झाली. मग घासलेलीच पुन्हा घासायला घेतली.

"अहो," बाहेरून आवाज आला. "हे मध्येच काय वाजलं?"

"साल. भाजून घातलीय."

उकड्यांनी नळ बंद केला, ऐकू यावं म्हणून. आणि त्यांना ऐकू आलं: कुडुम. मग थांबून पुन्हा, कुडुम.

"आणखी आहे?" काकूंनी विचारलं.

एवढं सांगून ते वाफ्यांकडे बघत राहिले. मीही तिकडेच बघत बसलो.

तिथून घर पालटलं. चव परत आली नव्हती, पण खाण्यात लक्ष आलं. उकडे रोज काहीतरी नवं करत: रवाळ, पिठूळ, लुसलुशीत, खुसखुशीत, गरमावर गार, मऊवर कडक. काकू त्यावर शिवणकामाच्या भाषेत बोलायला लागल्या. एक सूप त्यांनी नापास केलं, "नुसतं अस्तर आहे, वर कापडच नाही" म्हणून. एका पावाला म्हणाल्या, "इस्त्री राहिलीय याची." जास्त शिजलेल्या भाताला "धुवून आटलेला" म्हणाल्या. उकडे हे सगळं दुसऱ्या दिवशी पायरीवर मला ऐकवत, आणि मॅडम तिथून जाताना थांबून ऐकत. असं दोनतीनदा झाल्यावर एक दिवस मॅडम म्हणाल्या, "त्यांना इकडे घेऊन या."

उकड्यांना वाटलं, गंमत चाललीय. "मॅडम, तिला चव लागत नाही."

"चवीचं सांगायला मास्तर आहेत, पोस्टमन आहेत. मला पोत सांगणारी माणसं हवीत. आम्ही विचारलं की सगळे म्हणतात, चांगला आहे, मऊ आहे. मऊ म्हणजे काय? लोणी मऊ असतं आणि चिखलही मऊ असतो."

काकू आधी तयार होईनात. शिकलेल्या लोकांत जाऊन मी काय बोलणार, वगैरे. शेवटी मुलीने फोनवर सांगितलं, "आई, लोकांच्या कपड्यांना तोंडावर नावं ठेवतेस, बटाट्याला कसली घाबरतेस?" ते बरोबर बसलं.

पहिल्या दिवशी काकू स्वतः शिवलेला निळा कोट घालून आल्या. मॅडमनी त्यांना आणि आणखी पाचसहा जणांना बरेच दिवस शिकवलं. दाताखाली पहिल्यांदा काय होतं, दुसऱ्यांदा काय, गिळताना घशाशी काही राहतं का. मग चाखायचा दिवस आला. मी काकूंच्या शेजारच्या कप्प्यात होतो. लाल दिवा लागला, झडपा वर सरकल्या, बशा पुढे आल्या. काकूंच्या झडपेशी बशी आली आणि ती ढकलणारा हात जागच्या जागी राहिला. बोलायचं नाही हा नियम दोघांनाही माहीत होता. काकूंनी बशी आत ओढून घेतली आणि सुईच्या टोकांनी टणक झालेलं आपलं बोट त्या हाताच्या पाठीवर हलकेच टेकवलं. मग हात मागे गेला, झडप खाली आली. मला हे कसं कळलं, म्हणाल तर कप्प्यांमधल्या फळ्या फार काही उंच नाहीत.

आता डोंगराळ भागाच्या त्या वाणाविषयी. तिथे पाऊस फार आणि करपा रोग भयंकर. एकदा आला की हिरवं शेत आठवड्यात काळं पडतं. संस्थेने नऊ हंगाम घालवून या रोगाला दाद न देणारं वाण तयार केलं होतं. पुढच्या हंगामात त्याचे बटाटे पुन्हा चवखोलीत आले. गरम असताना सगळ्यांनी पसंत केले, काकूंनीसुद्धा. पण मॅडमनी तेच बटाटे गार करून दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढे ठेवले, कारण डोंगरात लोक पहाटे शिजवतात आणि ते रानात नेऊन दुपारी खातात, हे त्यांनी तिथे राहून बघितलं होतं. गार बटाटा तोंडात टाकला आणि आमच्या सगळ्यांचे चेहरे वाकडे झाले. काकूंनी लिहिलं: "डिंक लावलेलं कापड. दातांना चिकटतं, सुटत नाही."

संचालक मोठे सज्जन गृहस्थ होते, पण त्यांच्यावर घाई होती. बैठकीत ते म्हणाले, "तिथल्या शेतकऱ्यांची शेतं जातायत, मॅडम. तोंडाला चिकटतं म्हणून त्यांना थांबवून ठेवू?"

"थांबवू नका," मॅडम म्हणाल्या. "हे द्या त्यांना, आणि गार चांगलं लागत नाही हे सांगून द्या. पण याचंच एक भावंड वाफ्यात आहे. पीक जरा कमी, रोगाला तितकंच घट्ट. त्याला आणखी दोन हंगाम द्या. कारखान्याला चिप्स करायला बटाटा हवा असेल तर तो शोधायला कारखान्याची माणसं आहेत. रानात गार बटाटा खाणाऱ्या बाईसाठी कोण आहे? आपणच ना?"

संचालकांनी पेन टेबलावर आपटत विचार केला आणि होकार दिला. पुढे ते भावंडही लोकांपर्यंत गेलं. दोन्ही वाणं आजही तिथे लावतात, असं त्या भागातून येणारे सांगतात. काही घरं विकायला एक लावतात आणि खायला दुसरं. काकूंना हे कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं बाई. रोज चिकट खायचं म्हणजे."

वासाचं म्हणाल तर तो आला, पण सरळ वाटेने नाही. आधी सगळे वास चुकीचे आले. कॉफीला जळक्या रबराचा वास, साबणाला कुजक्या पानांचा. काकू वैतागायच्या, मग स्वतःच हसायच्या. नंतर एके दिवशी इस्त्री करताना त्या थबकल्या. ओलसर सुती कापडावर गरम इस्त्री फिरली की येतो तो वास, अगदी जसा असायला हवा तसा, नाकात शिरला होता. त्यांनी तो सदरा पुन्हा भिजवला आणि पुन्हा इस्त्री केली. गिऱ्हाईक दारात उभं होतं, ते बघतच राहिलं. त्यानंतर संत्र्याची साल आली, कांदा आला. लसूण अजून पुरता आलेला नाही. मोगऱ्याचा काही पत्ताच नाही. जेवढं आलं तेवढ्यात त्या खूश आहेत.

उकडे निवृत्त झाले तेव्हा निरोपाचं भाषण करायला संचालक उभे राहिले आणि उकड्यांचं खरं नाव त्यांना आठवेना. सगळी सभा हसली, उकडेही हसले. मॅडमनी त्यांना एक चांगली वाफेची जाळी भेट दिली. घरी जाताना त्यांनी ती छातीशी धरली होती.

काकू मात्र पोताच्या गटात अजून आहेत. आठवड्यातून एकदा येतात. झडपेपलीकडे आता दुसरंच कोणी असतं. चाखून झालं की उकडे फाटकाशी न्यायला आलेले असतात. संस्थेतला चहा त्यांना अजून आवडतो, म्हणून मी पायरीवरून त्यांना हाक मारतो आणि तिघं मिळून पितो.

परवा उकड्यांनी काकूंना विचारलं, "आज काय होतं? डोंगरातलंच का?"

"सांगता येत नाही," काकू म्हणाल्या. "बाहेर बोलायचं नसतं."

"अगं, इथे जन्म गेला माझा."

"म्हणून काय झालं? आता तुम्ही बाहेरचे."

उकड्यांनी माझ्याकडे बघितलं. मी माती विभागाचा, मी काय बोलणार? काकूंनी आपल्या कोटाची कॉलर सारखी केली, उकड्यांच्या खांद्यावरचा एक दोरा चिमटीत धरून काढून टाकला आणि दोघं बसच्या थांब्याकडे निघाले. चालता चालता उकडे काहीतरी विचारत होते, काकू मान हलवून नाही म्हणत होत्या, आणि हसत होत्या.